फोन गप्प झाला, तर आपण बोलू या

गेल्या दिवाळीच्या आधीच्या रविवारची गोष्ट. आपल्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या व्हॉट्सॲपवरून सकाळी साडेदहाच्या सुमारास अनेक माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक निरोप आला. तातडीची अडचण आहे, पंधरा हजार रुपये हवेत, संध्याकाळपर्यंत परत करते, असा मजकूर होता. खाली पैसे पाठवण्यासाठी एक नंबर दिला होता. बाईंनी तीन पिढ्यांना शिकवले. आपल्या मंडळींत त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. तासाभरात चौघांनी पैसे पाठवले.

खोड काढली ती आठवीतल्या एका मुलाने. तो निरोप त्याच्या आजीच्या फोनवर आला होता. आजी त्याला पैसे कसे पाठवायचे ते विचारत होत्या. त्याने निरोप वाचला आणि म्हणाला, ''आजी, बाई हिंदीत कशाला लिहितील? आणि तेही इंग्रजी अक्षरांत?'' खरेच होते. बाई 'शुभ सकाळ'सुद्धा देवनागरीत लिहितात आणि पूर्णविराम विसरत नाहीत. आजींनी बाईंच्या मुलाच्या नंबरावर फोन लावला आणि सगळा प्रकार उघडकीस आला.

हे लिहिण्याआधी आम्ही बाईंची परवानगी घेतली आहे. ''माझे नाव घालू नका, पण लिहा,'' असे त्या म्हणाल्या. त्यांनीच पुढे सांगितलेली गोष्ट आम्हांस जास्त बोचली. त्यांचे व्हॉट्सॲप आदल्या रात्रीच बंद पडले होते. एका जुन्या मैत्रिणीच्या नावाने निरोप आला होता : 'माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्याकडे आला आहे, जरा पाठव.' बाईंनी तो पाठवला आणि दोन मिनिटांत त्यांचे व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या ताब्यात गेले. त्या मैत्रिणीचे खाते आधीच गेलेले होते, हे त्यांना कसे कळावे? काहीतरी चुकले आहे एवढे मात्र त्यांना रात्रीच उमगले होते. तरी त्या सकाळपर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत. ''मी शिकवणारी बाई. मीच फसले असे कोणत्या तोंडाने सांगू?'' हे त्यांचे शब्द.

आता आमचीही कबुली द्यायला हवी. संपादक मंडळातील आम्हां दोघांना तो निरोप आला होता. दोघांनाही तो विचित्र वाटला. पण 'असेल काही अडचण, विचारले तर त्यांना अवघड वाटेल', असे म्हणून आम्ही गप्प बसलो. आम्ही लगेच एक फोन केला असता, तर निदान दोघांचे पैसे वाचले असते.

म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : मोबाईलचे खाते दुसऱ्याच्या हाती गेले आहे याच्या खुणा सहसा लवकर दिसतात. आपण त्या ओळखतही असतो. नुकसान वाढते ते आपण संकोचाने गप्प बसतो त्या काळात.

आधी एक गैरसमज दूर करू. फोन आपल्या हातात आहे म्हणजे सारे सुरक्षित आहे, असे आपण धरून चालतो. वास्तविक फोन, नंबर आणि खाते या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फोन म्हणजे हातातले यंत्र. नंबर मोबाईल कंपनीच्या दप्तरी असतो. व्हॉट्सॲप, ईमेल, बँक ही खाती त्या नंबराच्या आधाराने उघडतात. यंत्र खिशात असतानाही नंबर किंवा खाते दुसरीकडे जाऊ शकते. खुणाही या तीन ठिकाणच्या वेगवेगळ्या असतात.

पहिली खूण नंबराची. घरात बाकीच्यांच्या फोनला, त्याच कंपनीच्या, नेटवर्क आहे आणि आपलाच फोन तासभर मुका झाला आहे. पडद्यावर 'फक्त आणीबाणीचे कॉल' किंवा सिम नोंदलेले नाही अशा अर्थाची सूचना दिसते आहे. फोन बंद करून चालू केला तरी फरक नाही. अशा वेळी 'टॉवरला काही झाले असेल' म्हणून झोपी जाऊ नये. आपला नंबर त्या छोट्या कार्डात कायमचा कोरलेला नसतो. कोणता नंबर कोणत्या कार्डावर चालवायचा, याची नोंद कंपनीकडे असते. कोणी खोटी कागदपत्रे दाखवून किंवा आपल्याकडूनच एखादा कोड काढून घेऊन ती नोंद बदलून घेतली, की त्याच्याकडचे कार्ड सुरू होते आणि आपले निर्जीव होते. मग बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. याला 'सिम स्वॅप' म्हणतात. हल्ली कार्डाविना चालणारे ई-सिम आले आहे, त्यामुळे चोराला कार्डही लागत नाही. आपण न केलेल्या सिमबदलाच्या किंवा ई-सिमच्या विनंतीचा संदेश आला, तर तोच धोक्याचा इशारा समजावा आणि दुसऱ्या फोनवरून ताबडतोब कंपनीला कळवावे.

यात फक्त भोळीभाबडी माणसे सापडतात, असे कोणी समजू नये. ३० ऑगस्ट २०१९ रोजी खुद्द ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचेच ट्विटर खाते काही वेळ परक्यांच्या हाती गेले होते. त्यांच्या खात्याशी जोडलेला मोबाईल नंबर कंपनीकडील त्रुटीमुळे दुसऱ्यांच्या ताब्यात गेला, असे कारण नंतर सांगण्यात आले. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने १ जुलै २०२४ पासून नियम केला, की सिम बदलल्यानंतर सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येणार नाही. सिम स्वॅपच्या प्रकारांना आळा बसावा हाच त्यामागचा हेतू होता.

दुसरी खूण न मागितलेल्या कोडची. आपण काहीच केलेले नसताना सहा आकडी कोड येतो. एखाद्या वेळी कोणाच्या हातून चुकीचा नंबर दाबला गेलेला असू शकतो. पण कोड पुन्हा पुन्हा येऊ लागले, किंवा कोड आल्याबरोबर कोणी 'तो माझा आहे, पाठवा' म्हणू लागले, तर कोणीतरी आपले दार ठोठावत आहे हे नक्की समजावे. आपल्या नंबरावर आलेला कोड दुसऱ्याचा असूच शकत नाही. हे एक वाक्य मुलांनी आजी-आजोबांकडून पाठ करून घ्यावे.

तिसरी खूण व्हॉट्सॲपची. 'हा नंबर दुसऱ्या फोनवर नोंदला गेला आहे' अशा अर्थाची सूचना येऊन ते बंद पडते. बाईंचे असेच झाले. अशा वेळी घाबरून न जाता आपल्या फोनवर व्हॉट्सॲप पुन्हा सुरू करावे, आपला नंबर घालावा आणि एसएमएसने येणारा सहा आकडी कोड भरावा. कोड भरताच दुसरीकडचा माणूस बाहेर पडतो. कधी त्याने तेवढ्यात स्वतःचा पिन लावून ठेवलेला असतो. तसे असेल तर आपल्याला सात दिवस थांबावे लागते, पण तोही आत राहू शकत नाही. म्हणूनच हा पिन आपण आधीच लावून ठेवणे शहाणपणाचे. सेटिंगमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' या नावाने तो सापडतो. लावायला दोन मिनिटे लागतात.

चौथी खूण यापेक्षा गुपचूप असते. व्हॉट्सॲप बंद पडत नाही, सर्व काही नेहमीप्रमाणे चालते. पण न उघडलेले निरोप वाचलेले दिसतात, किंवा आपण न लिहिलेला निरोप आपल्या नावाने गेलेला असतो. याचा अर्थ आपले खाते दुसऱ्या एखाद्या संगणकावर जोडलेले असू शकते. 'लिंक्ड डिव्हाइसेस' या ठिकाणी जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते. त्यात अनोळखी नाव असेल तर तिथेच ते काढून टाकता येते. महिन्यातून एकदा ही यादी पाहावी. सायबर कॅफेत, झेरॉक्सच्या दुकानात किंवा कार्यालयात कधी व्हॉट्सॲप उघडून फाईल छापून घेतली असेल आणि ते बंद करायचे राहिले असेल, तर तेही याच यादीत दिसते.

पाचवी खूण इतरांकडून कळते. 'तुझा फोन लागतच नाही', 'फोन दुसऱ्याच कोणी उचलला', असे दोघे-तिघे सांगू लागतात. आपले कॉल दुसऱ्या नंबराकडे वळवलेले असू शकतात. पार्सलवाला असल्याची बतावणी करून कोणी आपल्याला स्टार आणि हॅश असलेला एखादा आकडा दाबायला लावतो आणि त्यातून हे घडते. मग व्हॉट्सॲपचा कोड फोन कॉलवरून मागवता येतो आणि तो कॉल त्याच्याकडे वाजतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कन्नड अभिनेते उपेंद्र यांच्या पत्नी प्रियांका यांच्या बाबतीत असाच प्रकार झाला. पार्सलच्या निमित्ताने फोन आला, सांगितलेला आकडा दाबला गेला, आणि त्यांच्या नावाने ओळखीच्यांकडे पैशांची मागणी सुरू झाली. काहींनी पैसे पाठवलेही. आपले कॉल वळवले आहेत का, हे *#२१# दाबून पाहता येते आणि ##००२# दाबून सर्व वळवणी रद्द करता येते. अनोळखी माणसाने सांगितलेला असा कोणताही आकडा मात्र कधीही दाबू नये.

सहावी खूण यंत्राची. फोन गरम होतो, बॅटरी लवकर उतरते, म्हणजे हॅक झाला, असे पुष्कळजण सांगतात. आमच्या मते एवढ्यावरून घाबरू नये. जुन्या बॅटरीचेही असेच होते. पण आपण न टाकलेले ॲप दिसू लागले, किंवा लग्नपत्रिका, वाहतुकीचा दंड, बँकेची नोटीस अशा नावाने आलेली फाईल उघडल्यापासून हे सुरू झाले, तर मात्र गंभीर आहे. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नसते, ते एक ॲप असते. ते आपले एसएमएस वाचून दुसऱ्याकडे धाडू शकते. लग्नसराईत आपल्याकडे पत्रिका व्हॉट्सॲपवरच येतात, म्हणून हे विशेष लक्षात ठेवावे.

इतक्या खुणा सांगितल्या. आता मूळ मुद्द्याकडे येतो. बाईंच्या प्रसंगात पहिली खूण आठवीतल्या मुलाला भाषेवरून कळली, याचा आम्हांस अभिमान वाटला. पिढ्यान् पिढ्या बडोद्यात राहून आपण घरात मराठी टिकवली, ती अशी कामी आली. पण या अभिमानावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. आज यंत्रे शुद्ध मराठीत निरोप लिहून देतात. माणसाच्या आवाजाची नक्कलही करता येते. उद्याचा चोर पूर्णविरामही देईल. त्यामुळे पैशाची मागणी आली, मग ती भावाच्या नावाने असो की गुरूच्या, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या दुसऱ्या नंबरावर, नाहीतर त्यांच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला फोन करून विचारावे. असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. खऱ्या अडचणीतल्या माणसाला आपल्या फोनचा आधारच वाटेल.

काही विश्वस्तांनी आमच्यापाशी असे मत मांडले, की शाळेचे सगळे व्हॉट्सॲप गट बंद करावेत आणि पूर्वीप्रमाणे छापील सूचना मुलांच्या दप्तरातून पाठवाव्यात. त्यांची काळजी आम्ही समजू शकतो. पण चोर आला म्हणून कोणी दार भिंतीने बुजवत नाही. पावसाळ्यात विश्वामित्रीला पाणी आले की शाळा सुटण्याची वेळ याच गटांवरून पालकांना कळते. गट राहावेत, पण त्यांना शिस्त असावी. आम्ही तीन सूचना करतो. एक, शाळा किंवा कोणी शिक्षक वैयक्तिक नंबरावर कधीही पैसे मागणार नाहीत; फी आणि देणगी फक्त कार्यालयात किंवा संस्थेच्या बँक खात्यात, पावतीसह. हे प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला लेखी जाहीर करावे. दोन, प्रत्येक गटाला निदान दोन प्रमुख असावेत, म्हणजे एकाचे खाते गेले तर दुसरा त्याला लगेच गटातून काढू शकेल. तीन, कोणाचेही खाते गेले तर कळवण्यासाठी शाळेने एक ठरावीक नंबर द्यावा आणि तिथून अर्ध्या तासात सर्वांना सूचना जावी.

चौथी गोष्ट सूचना म्हणून लिहिता येत नाही, तरी तीच सर्वांत महत्त्वाची. ती म्हणजे फसलेल्या माणसाशी आपण कसे वागतो. 'एवढे शिकलेले असून कसे फसलात?' हा प्रश्न आपल्या तोंडी फार लवकर येतो. मुलाच्या हातून चूक झाली की आपण आधी फोन काढून घेतो आणि मग काय झाले ते विचारतो. मग पुढच्या वेळी तो सांगेलच कशाला? खेळात बक्षीस मिळेल म्हणून आईच्या फोनवर आलेला कोड दिला, मैत्रिणीला विश्वासाने पासवर्ड सांगितला, हे मुलांकडून होते. जे मूल हे त्याच संध्याकाळी येऊन सांगते, त्याला आधी शाबासकी द्यायला हवी. रागवायचेच असेल तर नंतर रागवावे.

हे आम्ही केवळ ममतेपोटी म्हणत नाही, यात व्यवहारही आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये जे नियम घालून दिले, त्यांत वेळेलाच महत्त्व आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, आणि ग्राहकाने बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर बोजा पडत नाही. त्याने स्वतःच कोड दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे लाजेने काढलेल्या प्रत्येक तासाची किंमत पैशांत मोजावी लागते. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकाला लगेच फोन करावा. चोराने पैसे पुढे काढण्यापूर्वी ते अडवता आले तरच हाती लागण्याची आशा असते. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हे केंद्र सरकारच्या 'संचार साथी'वर पाहता येते. आपले नसलेले सिम दिसले तर तिथेच कळवता येते.

११ ऑगस्ट २०२४ रोजी खासदार सुप्रिया सुळे यांनी स्वतः जाहीर केले होते, की आपला फोन आणि व्हॉट्सॲप हॅक झाले आहे, कोणीही फोन किंवा संदेश करू नये. राजकारण बाजूला ठेवून आम्ही एवढेच म्हणू, की खाते गेल्यावर असेच वागावे. मोठ्या पदावरच्या व्यक्तीला ते सांगण्यात कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला का वाटावा?

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यासाठी दिवाळीच्या सुट्टीचा एक गृहपाठ. त्याला गुण नाहीत. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाशेजारी अर्धा तास बसा. त्यांच्या व्हॉट्सॲपला पिन लावून द्या आणि तो त्यांनाच ठरवू द्या, तुम्ही पाहू नका. जोडलेल्या यंत्रांची यादी दाखवा. १९३० हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून देवघराशेजारी किंवा फ्रिजवर चिकटवा. आणि हे सगळे चिडचिड न करता करा. त्यांनी तुम्हांला अ-आ-ई शिकवताना केली नव्हती.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे राज्यात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. ज्याला वाचता येत नाही त्याला कोणीही कशावरही अंगठा उठवायला लावू शकतो, हे त्या काळी लोकांच्या अनुभवाचे होते. आज आपण सारे साक्षर आहोत, पण फोनवरचा कोड न वाचता दुसऱ्याला देणे म्हणजे पुन्हा कोऱ्या कागदावर अंगठा उठवणेच आहे. हे नवे अक्षरज्ञान शाळेनेच द्यायला हवे.

बाईंचे पुढे काय झाले, हे अनेकांनी विचारले. त्यांचे व्हॉट्सॲप परत मिळाले. चौघांपैकी एकाचे पैसे बँकेने वेळेवर अडवले, बाकीचे गेले. बाईंनी ते पैसे स्वतःच्या निवृत्तिवेतनातून द्यायची तयारी दाखवली, पण तिघांनीही घेतले नाहीत. गेल्या महिन्यात बाई आपण होऊन शाळेत आल्या आणि आठवीच्या वर्गापुढे उभ्या राहिल्या. 'मी कशी फसले' हा धडा त्यांनी फळ्यावर लिहून शिकवला. तास संपल्यावर तीन मुलांनी हात वर केले आणि आपल्या घरी काय झाले होते ते सांगितले. त्यांतल्या दोघांच्या घरी ही गोष्ट आजवर कोणी बाहेर बोलले नव्हते.